मंत्रचळावरील विद्यार्थी लघुपट : प्रसंगांची आखणी कशी करावी?

कवडसा

नमस्कार. मी पुण्यात जनसंज्ञापन अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंतिम प्रकल्पासाठी मला मंत्रचळावर, म्हणजे नकोशा शंकेपायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजारावर, बारा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. आमचा गट पाच जणांचा असून हाताशी एक कॅमेरा, ३५ आणि ५० मिलिमीटरची दोन भिंगे, एक ध्वनिमुद्रक आणि चित्रीकरणासाठी तीन दिवस आहेत. पटकथेचा पहिला खर्डा झाला आहे. प्रसंगांच्या आखणीवर मात्र मी अडले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

कथा थोडक्यात अशी : वृंदा ही परभणीकडची मुलगी राज्यसेवेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. खोलीत तिघी आहेत आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी आहे. सकाळी अभ्यासिकेला निघताना तिला वाटते की गॅस चालू राहिला. ती परत येऊन पाहते, तर तो बंद असतो. पुन्हा निघते, पुन्हा परतते. हळूहळू हे दोनाचे सहा आणि सहाचे वीस वेळा होते.

सध्या प्रसंगांची योजना अशी आहे. सुरुवातीला साधी सकाळ; मग पहिली शंका; मग आरशासमोरचा प्रसंग, ज्यात तिला स्वतःचे दुसरे रूप दिसते आणि ते कुजबुजते की ‘गॅस चालू आहे’; मग खोलीत तांबडा प्रकाश आणि तिरकी चौकट, म्हणजे कॅमेरा वाकडा धरून घेतलेले दृश्य; मग परीक्षेत अपयश; मग रुग्णालयात तिला विजेचे झटके दिले जातात; आणि शेवटी ती त्याच शेगडीपाशी स्वतःला संपवते. हे सगळे फार ठरावीक होत आहे का, अशी शंका मला स्वतःलाच येते, पण नेमके कुठे चुकते आहे ते सापडत नाही. हा विषय मी सहज म्हणून निवडलेला नाही. पहिल्या वर्षी माझ्या खोलीवर राहणाऱ्या मुलीला हा त्रास होता, आणि मी तेव्हा तिच्यावर चिडत असे. मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

जोडकाम

मी गेली काही वर्षे संकलन करतो. आधी गणित पाहू. पटकथेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, असे धरले तर तुमच्याकडे बारा पाने आहेत आणि योजनेत सात मोठे प्रसंग आहेत. त्यातले शेवटचे चार प्रत्येकी एका स्वतंत्र लघुपटाचा ऐवज आहेत. रुग्णालयाचे ठिकाण, परीक्षागृह, गर्दी, परवानग्या हे सगळे तीन दिवसांत पाच जणांना झेपणार नाही. पण अडचण फक्त वेळेची असती तर मी एवढे लिहिले नसते. तुमची खरी गोष्ट कथेच्या पहिल्या परिच्छेदातच आहे : मुलगी निघते, परतते, निघते, परतते. तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही, म्हणून आरसा, तांबडा प्रकाश आणि झटके आणावे लागले.

पुनरावृत्ती हे चित्रपटाचे फार जुने आणि फार समर्थ साधन आहे, मात्र प्रत्येक फेरीने नायिकेकडून काहीतरी काढून घेतले पाहिजे. पहिल्या फेरीत तिची दोन मिनिटे जातात. दुसरीत बस जाते. तिसरीत अभ्यासिकेतली खिडकीजवळची जागा जाते. चौथीत मैत्रिणीबरोबरचा चहा जातो. त्यापुढे कधीतरी ती बाहेर पडायचेच टाळते, कारण बाहेर पडले नाही तर परतावे लागत नाही. नुकसानाची ही चढण कागदावर मांडा आणि मग प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा : या फेरीत काय गेले? ज्या प्रसंगाला उत्तर नाही, तो काढून टाका.

मांडणीबद्दल एक सूचना. रेग्युलेटरच्या खटक्याची समीपदृश्ये प्रत्येक वेळी अगदी त्याच चौकटीत घ्या. तिकाटण्याचे (ट्रायपॉडचे) तिन्ही पाय जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा, भिंगाची उंची लिहून ठेवा आणि ही सर्व दृश्ये एकाच सकाळी, एका तासाच्या आत, सारख्या उजेडात उरकून घ्या. चौकट ओळखीची झाली की संकलनात ती कापत नेता येते. पहिल्यांदा वीस सेकंद, नंतर बारा, नंतर पाच. आणि शेवटी खटका न दाखवता फक्त तिचा वाकलेला खांदा दाखवला तरी प्रेक्षकाला सगळे कळते. दिवस बदलल्याचे दाखवायला मागे दोरीवरचे कपडे आणि भिंतीवरचा ‘परीक्षेला उरलेले दिवस’ हा कागद पुरेसा आहे.

आणखी एक. पहिल्या फेरीत खटका पूर्ण बंद होण्याच्या क्षणभर आधीच दृश्य कापावे, असे मला वाटते. मग प्रेक्षकालाही खात्री राहणार नाही आणि वृंदाची शंका त्याच्या मनात आपोआप उतरेल.

पाणवठा

मी इथे फारसे लिहीत नाही, वाचते. पण जोडकाम यांच्या शेवटच्या सूचनेला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण मला स्वतःला हा आजार आहे. निदान होऊन नऊ वर्षे झाली. माझ्या बाबतीत गॅस नव्हता, घराचे कुलूप होते.

कृपया तसे कापू नका. खटका बंद होताना प्रेक्षकाला दिसला नाही, तर त्याला वाटणारी शंका वाजवी असेल. ज्याने पाहिले नाही त्याला शंका येणारच. माझी शंका तशी नव्हती. मी कुलूप लावले, ओढून पाहिले, किल्ली हातात धरली, कुलूप लागलेले माझ्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, आणि तरीही ते लागले आहे हे मला पटत नव्हते. दिसत होते, पण पटत नव्हते. या दोन शब्दांमधले अंतर म्हणजे हा आजार आहे. बाहेरच्या माणसाला तेच समजत नाही, म्हणून तो म्हणतो, ‘अगं, दिसतंय ना तुला?’ हो, दिसते आहे. दिसण्याने काही होत नाही, हेच तर दुखणे आहे.

त्यामुळे माझी विनंती अशी की पहिल्या फेरीत खटका बंद होताना पूर्ण, स्पष्ट, भरपूर उजेडात, एकही काप न घेता दाखवा. प्रेक्षकाला शंभर टक्के खात्री पटू द्या. वृंदालाही ते दिसू द्या. मग तिला जिन्यात थांबवा. प्रेक्षक मनात म्हणेल की बंद आहे, आताच तर पाहिले. आणि वृंदाही नेमके हेच मनात म्हणत असेल. तरी ती वळेल. ती वेडी नाही, तिला सगळे कळते, आणि कळूनही ती वर जाते. त्यातली लाज आणि दमणूक मला पडद्यावर पाहायची आहे.

याच कारणाने तिरकी चौकट आणि तांबडा उजेडही नको. त्यातून असे सुचवले जाते की तिला जग वाकडे दिसते. मला जग कधीच वाकडे दिसले नाही. ते नेहमीसारखेच दिसत होते, अगदी सरळ, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

आणखी एक निरीक्षण, आखणीत उपयोगी पडेल म्हणून. जितक्या वेळा तपासावे तितकी आठवण पुसट होते. पहिल्यांदा कुलूप लावल्याचे चित्र मनात टवटवीत असते. पंधराव्या वेळी सगळी चित्रे एकमेकांवर चढतात आणि आताचे कोणते, मघाचे कोणते, हेच कळेनासे होते. माझ्या डॉक्टरांनी सांगितले की हे माझ्या एकटीचे नाही, वारंवार तपासल्याने स्मरणशक्ती बिघडत नाही पण स्मरणावरचा विश्वास उडतो, हे प्रयोगांतूनही दिसून आले आहे. संकलनात याचे काय करता येईल ते जोडकाम यांना अधिक कळेल.

जोडकाम

पाणवठा, मनापासून आभार. माझी सूचना मी मागे घेतो. मी प्रेक्षकाच्या मनात शंका पेरायला निघालो होतो, आणि तुमचे म्हणणे असे की प्रेक्षकाला खात्री द्यावी आणि त्या खात्रीचा निरुपयोग दाखवावा. हे फार वेगळे आहे आणि कितीतरी अवघडही आहे.

आठवणीबद्दलचा मुद्दा संकलनाच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे. सगळी समीपदृश्ये एकाच चौकटीत असतील, तर मधल्या एका टप्प्यावर, समजा अभ्यासिकेत ती डोळे मिटते तेव्हा, वेगवेगळ्या दिवसांच्या पाच फेऱ्यांमधले खटका बंद करणारे हात एकामागून एक लावता येतील. बाही कधी निळी, कधी पिवळी, हातात कधी घड्याळ आहे, कधी नाही. कोणताही विशेष परिणाम नको, फक्त सरळ काप. आजचा हात कोणता हे प्रेक्षकालाही ओळखता येणार नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक दिवसाचे कपडे आधी ठरवून त्यांची नोंद ठेवावी लागेल. हे काम सांभाळायला पाचांपैकी एक जण पूर्ण वेळ द्या.

शांतवन

मी मनोविकार विभागात समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. खर्ड्यातल्या वैद्यकीय बाजूबद्दल काही गोष्टी सांगते. त्या पटकथा बदलायला लावतील, पण माझ्या मते ती सोपीही करतील.

पहिली गोष्ट कुजबुजीची. बाहेरून आवाज ऐकू येणे हे छिन्नमनस्कतेसारख्या (स्किझोफ्रेनियासारख्या) आजारांमध्ये आढळते. मंत्रचळात, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास ओसीडी म्हणतो त्यात, येणारा विचार नकोसा आणि आगंतुक असतो, पण तो आपल्याच मनाचा आहे हे बहुतेक वेळा त्या व्यक्तीला ठाऊक असते. आरशातून बोलणारे रूप आणले की दोन वेगळ्या आजारांची सरमिसळ होते, आणि ज्यांना प्रत्यक्षात आवाज ऐकू येतात त्यांच्यावरही अन्याय होतो, कारण त्यांचा अनुभव केवळ भीती दाखवण्यापुरता वापरला जातो.

दुसरी गोष्ट विजेच्या झटक्यांची. मंत्रचळावर हा नेहमीचा उपचार नाहीच. शिवाय मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारी औषधे दिल्याशिवाय विद्युत उपचार करण्यास मनाई आहे. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला. पडद्यावर नेहमी दाखवतात तसे हातपाय बांधून, किंचाळणाऱ्या रुग्णाला झटके देणे हे आजच्या काळातल्या कथेत दाखवले, तर तुम्ही एक बेकायदा कृत्य उपचार म्हणून दाखवत असाल. आमच्याकडे येणारे कितीतरी नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारतात की ‘शॉक देणार का?’ आणि त्या भीतीपायी पुढच्या भेटीला येतच नाहीत.

मग उपचार काय असतो? औषधे असतात, त्यांचा परिणाम जाणवायला बरेच आठवडे लागतात. त्याबरोबर वर्तनोपचार असतो. त्यात ज्या परिस्थितीची भीती वाटते तिला थोड्या थोड्या मापाने सामोरे जायचे, पण तपासण्याची कृती मात्र करायची नाही. अस्वस्थता चढते, काही काळ टिकते आणि तपासल्याशिवायही ओसरते, हे अंगाने अनुभवायचे. आधी सोप्या पायऱ्या, मग अवघड, असा तक्ता उपचारतज्ज्ञ आणि रुग्ण मिळून करतात. एका संवादाने डोळे उघडणारे डॉक्टर दाखवू नका; खरे तर डॉक्टर दाखवायचीही गरज नाही. भिंतीवर ‘परीक्षेला उरलेले दिवस’ या कागदाशेजारी तिच्या हस्ताक्षरातला तो तक्ता दिसला तरी पुरे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती तुमच्या खर्ड्यात अजिबात नाही : खोलीतली दुसरी मुलगी. या आजारात माणूस स्वतः तपासतो तसा दुसऱ्याकडून वदवूनही घेतो. ‘बंद आहे ना गं?’ ‘हो, बंद आहे.’ या उत्तराने क्षणभर सुटका होते आणि चक्र आणखी घट्ट होते. उपचारात घरच्यांना शिकवावे लागते की ठरल्याप्रमाणे हे उत्तर द्यायचे नाही. प्रेमापोटी उत्तर देणारी मैत्रीण आणि प्रेमापोटीच उत्तर न देणारी मैत्रीण, एवढ्यात एक पूर्ण कथा आहे. तुम्ही लिहिले आहे की तुम्ही तेव्हा चिडत होता. तुमची जागा मला या दुसऱ्या मुलीत दिसते.

शेवटाबद्दल स्पष्टच लिहिते. आत्महत्येचा प्रसंग काढून टाकावा. साधन आणि पद्धत दाखवणारे दृश्य त्याच अवस्थेतल्या प्रेक्षकाला धोक्याचे ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपट आणि रंगभूमीवरच्या लोकांसाठी २०१९ मध्ये याविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. तुमच्या कथेत तर गॅसची शेगडी सुरुवातीपासून पडद्यावर आहे. तिची भीती शेवटी खरी ठरवलीत, तर मंत्रचळ असलेल्या प्रेक्षकाला तुम्ही सांगाल की तुझी शंका बरोबर होती. श्रेयनामावलीत ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक द्या, ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

खऱ्या रुग्णालयात चित्रीकरण करण्याचा विचार असेल तर तोही सोडा. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असे याच कायद्याचे कलम २४ सांगते.

नादखुळा

ध्वनीबद्दल. तुमच्या खोलीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पंखा, आणि शेजारच्या खोलीतला कुकर. चित्रीकरणाच्या वेळी पंखा आणि शीतकपाट बंद करा. शीतकपाट पुन्हा चालू करायचे विसरू नये म्हणून दुचाकीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे ती घेतल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. ही आम्हा ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची जुनी सवय आहे. प्रत्येक ठिकाणी सर्वांनी गप्प उभे राहून त्या खोलीची निखळ शांतता किमान एक मिनिट मुद्रित करा. तुमच्या लघुपटात बोलणे कमी आणि थांबणे जास्त आहे, तेव्हा ही शांतता पावलोपावली लागेल.

मुख्य मुद्दा रेग्युलेटरच्या ‘खट्’ या आवाजाचा. तो चित्रीकरणात नीट मिळणार नाही. नंतर निवांतपणे, रात्री, ध्वनिग्राहक अगदी जवळ नेऊन वीस-पंचवीस वेळा वेगळा मुद्रित करा आणि त्यातला एकच निवडा. प्रत्येक फेरीत तोच, अगदी तोच आवाज लावा. चौकटीसारखाच तोही प्रेक्षकाच्या ओळखीचा होईल. मग अभ्यासिकेत शेजारच्या मुलाने पेनाचे बटण दाबले की वृंदाची मान वर होते, एवढेच दाखवा. कुजबुज, प्रतिध्वनी, हृदयाचे ठोके यांची गरज राहणार नाही. पाणवठा म्हणतात की जग सरळच दिसत होते, तर मग ते सरळच ऐकूही यावे.

मधल्या एखाद्या फेरीत कॅमेरा जिन्यातच ठेवा. ती वर जाते, आपण रिकामा जिना पाहत राहतो, आणि वरून ‘खट्’ ऐकू येते. थोडा वेळ जातो, पुन्हा ‘खट्’. मग पुन्हा. माझ्या मते हा प्रसंग सर्वांत प्रभावी होईल आणि त्याला खर्च काहीच नाही.

एक सावधगिरीची गोष्ट, ध्वनीच्या बाहेरची. भरलेल्या सिलिंडरवर दिवसभर रेग्युलेटर फिरवत बसू नका. रिकामे सिलिंडर आणा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि ज्या खोलीत दिवे तापले आहेत तिथे गॅसशी खेळू नका.

तिसरी_घंटा

मी प्रायोगिक रंगभूमीवर काम करते, त्यामुळे अभिनेत्रीच्या बाजूने लिहिते. जी मुलगी वृंदा करणार आहे तिला ‘घाबर’, ‘वेडीपिशी हो’ असे सांगू नका. तिला कामे द्या. एका हाताने पिशवी सावरणे, दुसऱ्या हाताने खटका फिरवणे, शेगडीची दोन्ही बटणे पाहणे, वास घेणे, आणि मग निघणे. हा क्रम तालमीत इतका घोटून घ्या की तो तिच्या अंगात बसेल. भाव आणायचा नाही; क्रम मोडला की भाव आपोआप येतो. तिसऱ्या फेरीत मध्येच ज्योती, किंवा जे कोणते नाव मैत्रिणीला द्याल ती, काही बोलते आणि क्रम तुटतो, म्हणून वृंदाला पहिल्यापासून सुरू करावे लागते. त्या क्षणी तिच्या डोळ्यांत ज्योतीबद्दल जो राग येईल, तो कोणत्याही किंकाळीपेक्षा खरा असेल.

तालमीपूर्वी अभिनेत्रीशी एकांतात बोलून तिला स्वतःला किंवा तिच्या घरात असा त्रास आहे का, हे तिला सांगायचे असेल तरच ऐकून घ्या, आणि नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा. एकाच कृतीचे चाळीस वेळा चित्रीकरण करणे हे धडधाकट माणसालाही सोसत नाही. दर तासाला थांबा.

कवडसा

दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण मी खर्डा पहिल्यापासून लिहीत होते. आरसा, तांबडा प्रकाश, रुग्णालय आणि शेवट, चारही काढले. कॅमेरा सगळीकडे सरळ आणि स्थिर राहील. खोलीत जुन्या पट्टीदिव्यांचा (ट्यूबलाइटचा) उजेड आहे, त्यामुळे लुकलुक येऊ नये म्हणून सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवून काल चाचणी घेतली; चित्र स्वच्छ आले.

शांतवन यांच्या सांगण्यावरून ज्योती आता कथेत आली आहे, आणि ती लिहिताना मला फार जड गेले. सुरुवातीला ती हसून ‘बंद आहे गं’ म्हणते. मग अभ्यासातून मान वर न करता म्हणते. मग वृंदाने विचारण्याआधीच म्हणते. मग एका रात्री ती ओरडते, आणि ते वाक्य मी स्वतः एकेकाळी जसे बोलले होते तसेच्या तसे ठेवले आहे. पुढच्या प्रसंगात दोघी जमिनीवर बसून तो पायऱ्यांचा तक्ता लिहीत आहेत. मधले काही दाखवत नाही.

एका प्रसंगाबद्दल विचारायचे आहे. परीक्षा काढून टाकली तर वृंदाचे नुकसान कुठेच दिसणार नाही, आणि ठेवली तर परीक्षागृह कुठून आणायचे?

पाणवठा

परीक्षागृह लागणार नाही, फक्त उत्तरपत्रिका लागेल. मी स्वतः स्पर्धा परीक्षा दिली आहे, म्हणून सांगते. गोल काळ्या शाईने भरायचे असतात, भरलेला गोल खोडता येत नाही, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात, आणि प्रश्नाचा क्रमांक व गोलाचा क्रमांक जुळतो आहे ना, ही शंका ज्याला मंत्रचळ नाही त्यालाही येते. खोलीत बसून सराव परीक्षा देताना तिला दाखवा. घड्याळ लावलेले आहे. सत्तेचाळिसावा गोल भरून ती पहिल्यापासून जुळवून पाहते. पुन्हा सत्तेचाळीसपर्यंत येते, पुन्हा मागे जाते. गजर होतो तेव्हा उत्तरपत्रिकेचा अर्ध्याहून अधिक भाग कोरा आहे. सगळी उत्तरे तिला येत होती, हे दाखवायला शेजारी प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने केलेल्या अचूक खुणा पुरतील.

जोडकाम

हाच प्रसंग ठेवा. त्यात ‘खट्’ वापरू नका, पण गोल भरून झाल्यावर पेन उचलण्याचा आवाज तेवढ्याच ठसठशीतपणे येऊ द्या. आणि तो पूर्ण प्रसंग वरून, उत्तरपत्रिकेवर सरळ खाली पाहणाऱ्या एकाच चौकटीत घ्या. तिचा चेहरा शेवटी एकदाच दाखवा.

कवडसा

शेवटचा प्रसंग आता असा लिहिला आहे. सकाळ. वृंदा खटका एकदाच बंद करते. पहिल्या फेरीसारखीच चौकट, वीस सेकंद. दाराबाहेर आल्यावर ती ज्योतीला विचारते, ‘बंद आहे ना?’ ज्योती तिच्याकडे पाहते आणि म्हणते, ‘आज मी सांगणार नाही. आपलं ठरलंय.’ दोघी जिना उतरतात. बसथांब्यावर एकच दीर्घ दृश्य, ५० मिलिमीटरच्या भिंगाने, साधारण दोन मिनिटे. वृंदाची अस्वस्थता चढते, ती दोनदा वळते, पण जात नाही. बस येते. ती चढते आणि खिडकीशी बसून हलकेच हसते.

पाणवठा

वाचताना डोळे भरून आले. एकच बदल सुचवते : तिला हसवू नका. पहिल्यांदा मी न तपासता बसमध्ये बसले तेव्हा मला आनंद झाला नव्हता. मळमळत होते, तळहात ओले होते, आणि पुढच्या थांब्यावर उतरून परत जायचे हे मी मनात जवळजवळ ठरवले होते. तो थांबा आला, दार उघडले, आणि मी बसून राहिले. एवढेच घडले.

शांतवन

सहमत. आणि अस्वस्थता ओसरलेली दाखवलीच पाहिजे असे नाही. पहिल्या काही वेळा ती प्रवास संपेपर्यंत टिकूही शकते.

कवडसा

बदल केला. वृंदा खिडकीशी बसली आहे. शेजारी ज्योती पुस्तक उघडते, वाचत नाही. पुढचा थांबा येतो, दार उघडते, माणसे चढतात-उतरतात. वृंदाचा हात समोरच्या दांड्यावर घट्ट आहे. दार बंद होते. तो आवाज नादखुळा यांनी सांगितलेल्या ‘खट्’ चा नसेल, बसच्या दाराचा खराखुरा आवाज असेल. तिथे दृश्य संपते.

चित्रीकरण पुढच्या शुक्रवारपासून आहे. कपड्यांची नोंदवही केली आहे, तिकाटण्याच्या खुणा केल्या आहेत, आणि रिकामे सिलिंडर मेसच्या काकूंकडून तीन दिवसांसाठी मिळाले आहे.